चिलटाच्या नाकापाठी तीस वर्षं

फोंड्याहून एका वडिलांचा प्रश्न आला आहे. मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. जनुकशास्त्र आणि विकासजीवशास्त्रात, म्हणजे अंड्यातून शरीर कसं घडतं त्या शास्त्रात, संशोधन करीन म्हणते. गोमंतकीय वंशाच्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञाबद्दल तिने कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून तेच डोक्यात घेतलं आहे. वडील विचारतात, 'त्या बाईंनी म्हणे जन्मभर माश्यांवर काम केलं. अशा माणसाची कारकीर्द असते कशी? त्यातून हाती काय लागतं? आणि हे गोव्यात राहून जमेल का?'

मी याच माश्यांवर पीएचडी केली, बरीच वर्षं प्रयोगशाळेत काढली आणि आता कॉलेजात शिकवते. तेव्हा जरा सविस्तर सांगते.

आधी माशी कुठली ते. बागायतदार जिला फळमाशी म्हणतात आणि जी मानकुरादात अळ्या करून ठेवते, ती ही नव्हे. ती बॅक्ट्रोसेरा, आकाराने मोठी, कुळही वेगळं. आमची ड्रोसोफिला म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंगावणारं तीनेक मिलिमीटरचं चिलट. एप्रिलात सत्तरीतल्या एखाद्या काजूच्या भट्टीवर गेलात तर बोंडूंच्या चोथ्यावर यांचे थवे दिसतील. आंबायला लागलेल्या फळाचा वास यांना बरोबर लागतो. तो कसा लागतो आणि वास घेणारं नाक मुळात घडतं कसं, याच प्रश्नामागे रॉड्रिग्ज तीस वर्षं होत्या.

त्यांचा जन्म 1953 चा, केनियातला. आईवडील गोव्याहून तिकडे गेलेले. शिक्षण आधी कंपालाच्या मॅकेरेरे विद्यापीठात, मग डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात, आणि विषय सूक्ष्मजीवशास्त्र. म्हणजे माश्यांशी तोवर काही संबंध नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, ओबैद सिद्दिकी होते. होमी भाभांच्या बोलावण्यावरून 1962 साली त्यांनी तिथे जीवशास्त्राचा विभाग उभा केला होता. रॉड्रिग्जनी त्यांचं काम वाचून त्यांना पत्र टाकलं आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या पीएचडीसाठी मुंबईला आल्या. त्या काळी लोक डब्लिनहून अमेरिकेला जात. ही बाई उलट दिशेने कुलाब्याला आली, कारण जे शिकायचं होतं ते तिथे चाललं होतं. तुमच्या मुलीने त्यांच्याकडून एकच गोष्ट उचलायची ठरवली तर ही उचलावी, असं मी म्हणेन.

सिद्दिकी मूळचे जीवाणूंच्या जनुकशास्त्रातले. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ सेमूर बेंझर यांच्याबरोबर त्यांनी माशीचे असे म्यूटंट, म्हणजे एखादं जनुक बिघडलेले वंश, शोधले की तापमान वाढवलं की माशी लुळी पडते आणि खाली आणलं की पुन्हा चालू लागते. विचारसरणी सरळ होती: एक जनुक बिघडवा, वागणं कुठे बिघडतं ते पाहा आणि तिथून उलटं चालत यंत्रणेपर्यंत जा. रॉड्रिग्जनी हीच रीत वास आणि चवीला लावली. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची काचेची नळी घ्यायची, एका फाट्यातून वासाची हवा सोडायची, दुसऱ्यातून साधी. तळाशी माश्या सोडल्या की त्या वर चढतात आणि फाट्यापाशी निवड करतात. कुठल्या बाजूला किती गेल्या ते मोजायचं. रसायनाने उत्परिवर्तन घडवलेल्या माश्यांचे हजारो वंश असे तपासत गेलं की मधेच एक वंश सापडतो ज्याला दोन्ही फाटे सारखेच. त्यांना सापडलेले असे वंश एक्स गुणसूत्रावरचे होते. वासाच्या जनुकांना ओएलएफ आणि चवीच्या जनुकांना गस्ट अशी नावं पडली. वास पकडणारे रिसेप्टर म्हणजे नेमके कुठले रेणू, हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हतं. उंदरात ते 1991 मध्ये सापडले, माशीत 1999 मध्ये.

बरेच लोक पीएचडीचाच विषय पुढे नोकरीभर ताणतात. पेपर येत राहतात, कोणाचं काही बिघडत नाही. रॉड्रिग्ज जर्मनीत ट्यूबिंगेनला माक्स प्लांक संस्थेत गेल्या आणि तिथे त्यांनी प्रश्न एक पायरी खाली नेला. माशीला वास आला की मेंदूत काय होतं? काम करणारी चेतापेशी साखर जास्त खाते. मग माशीला किरणोत्सारी खुणेची साखर द्यायची, एकच वास हुंगवायचा आणि मेंदूचे पातळ काप काढून खूण कुठे साठली ते पाहायचं. एरिक बुख्नर यांच्याबरोबरचा हा पेपर 1984 चा. दिसलं असं की वेगवेगळ्या वासांना मेंदूतले वेगवेगळे ठिपके उजळतात. या ठिपक्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. माशीत ते साधारण पन्नास आहेत. म्हणजे मेंदूत वासाचा नकाशा आहे.

आणि नकाशा आहे म्हटलं की पुढचा प्रश्न टाळता येत नाही: तो काढतो कोण? अँटेनावर, म्हणजे माशीचं नाक असलेल्या मिशीवर, उगवलेली पेशी आपला तंतू मेंदूपर्यंत नेऊन बरोबर त्याच ठिपक्यात कशी सोडते? इथे वर्तनाचं जनुकशास्त्र संपून विकासजीवशास्त्र सुरू होतं. मुंबईत परत आल्यावर आणि पुढे बंगळूरच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये, रॉड्रिग्जनी मुख्यतः हेच काम केलं.

त्यातला एक धागा जवळून दाखवते. माशीच्या अँटेनावर सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर तीन तऱ्हांचे वासाचे केस दिसतात: जाड बोथट, लांब निमुळते आणि खड्ड्यात बसलेले खुंटासारखे. तिन्हींचं काम वेगळं. मग एका सपाट पेशीथरातून तीन तऱ्हा कशा निघतात? 1997 मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की खड्ड्यातल्या खुंटांसाठी एटोनल नावाचं जनुक लागतं. पुढच्याच वर्षी लोझेंज या जनुकाची गोष्ट आली, आणि ती मला जास्त आवडते. लोझेंज भरपूर असेल तर जाड केस होतात, कमी असेल तर निमुळते. जनुक तेच, प्रथिन तेच, फक्त मात्रा वेगळी, आणि पेशीचं नशीब बदलतं. जनुकाचा 'आहे' आणि 'नाही' एवढाच हिशेब शिकून आलेल्या विद्यार्थ्याला हे पचायला वेळ लागतो. भाजीत मीठ घातलं की नाही एवढं पुरत नाही, किती घातलं ते जेवणाऱ्याला कळतंच.

एटोनलचं पुढेही निघालं. या जनुकामुळे जन्मलेल्या चेतापेशी आपले तंतू आधी पाठवतात आणि मागून येणाऱ्यांना वाट आखून देतात. वाट बांधायला चेतापेशींच्या सोबतच्या ग्लिया पेशीही लागतात, हे 2000 सालच्या पेपरात आहे. शेवटच्या वर्षांत त्या आणखी पुढे गेल्या: तयार झालेलं हे जाळं अनुभवाने कसं बदलतं, म्हणजे तोच तो वास सतत आला की माशी त्याकडे दुर्लक्ष करायला कशी शिकते. त्या 10 नोव्हेंबर 2010 रोजी कर्करोगाने गेल्या. या कामाचा एक महत्त्वाचा पेपर त्यानंतर, 2011 मध्ये छापून आला.

म्हणजे तंत्र चार वेळा बदललं, शहरं बदलली, प्रश्न मात्र एकाच्या पोटातून दुसरा निघत गेला. कारकीर्द कशी असते म्हणून विचारलंत, तर चांगली असेल तेव्हा ती अशी असते. पदं आणि पुरस्कार यांच्या यादीतून ती कळत नाही. एखाद्याचे पेपर सालवारीने लावून, हा प्रश्न सोडून तो का घेतला, असं वाचत गेलं तरच कळते. मुलीला रॉड्रिग्ज यांचे पाचसहा पेपर असे वाचायला सांगा. सगळं समजणार नाही. तरी वाचू दे.

आता 'हाती काय लागतं' याकडे येते. अनुदानाचा अर्ज लिहिताना आम्ही सगळे एक वाक्य टाकतो: माणसाच्या रोगांशी निगडित जनुकांपैकी सुमारे 75 टक्क्यांची भावंडं माशीत आहेत. ते खरं आहे, पण माशी म्हणजे छोटा माणूस असं भासवणं मला पटत नाही. खरा फायदा आडवळणाने येतो, आणि याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांना पंख नसलेली माशी सापडली आणि 1973 मध्ये त्यांनी विंगलेस या नावाने तिची नोंद केली. गंमत म्हणजे त्या वंशातल्या सगळ्याच माश्यांना पंख नसत असं नाही. कोणाचे दोन्ही गायब, कोणाचा एकच, कोणी अगदी धडधाकट. शर्मा आणि व्ही. एल. चोप्रा यांनी 1976 मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. पुढे हायडेलबर्गला क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस समोरासमोर बसून एकाच सूक्ष्मदर्शकातून माशीचे बिघडलेले भ्रूण तपासत होते. भ्रूणाच्या खंडांची रचना ठरवणारी 15 जनुकं त्यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केली, आणि विंगलेस त्यातही निघालं. 1995 चं नोबेल त्या दोघांना एडवर्ड लुइस यांच्यासोबत मिळालं. दरम्यान 1987 मध्ये कळलं की उंदराच्या स्तनातल्या गाठीत सापडलेलं इंट-1 हे जनुक म्हणजे विंगलेसचंच भावंड. दोन्ही नावं जोडून झालं डब्ल्यूएनटी, म्हणजे विंट. आज आतड्याच्या कर्करोगावरचं कुठलंही पुस्तक विंट मार्गाशिवाय, म्हणजे या जनुकापासून सुरू होणाऱ्या पेशींमधल्या निरोपांच्या साखळीशिवाय, पुढे सरकत नाही. दिल्लीत पंखाविना माशी पाहिली तेव्हा कोणाच्या मनात कर्करोग नव्हता.

रॉड्रिग्ज यांच्या जनुकांचंही तसंच. एटोनलचं सस्तन प्राण्यांतलं भावंड कानातल्या ऐकणाऱ्या केसपेशी घडवतं. लोझेंजचं भावंड रक्ताच्या एका कर्करोगात बिघडलेलं सापडतं.

रोजचं काम कसं असतं तेही सांगते, कारण मुलं इथेच फसतात. संकर करायचा तर मादी कुमारी हवी, कारण एकदा मीलन झालं की मादी नराचं बीज साठवून ठेवते आणि तुमचा सगळा प्रयोग वाया. 25 अंशांना कोशातून निघाल्यापासून साधारण आठ तास मादी मीलन करत नाही. म्हणून बाटली पूर्ण रिकामी करायची, वेळ लिहायची आणि आठ तासांच्या आत परत येऊन नव्या माश्या काढायच्या. कार्बन डायऑक्साइडच्या पॅडवर त्या निपचित पडतात. बारीक ब्रशने एकेक उलटी करायची. नराच्या पोटाचं टोक काळं आणि पुढच्या पायावर दाट केसांचा कंगवा. नुकत्याच निघालेल्या मादीचा रंग फिका, आणि पोटातून एक गडद ठिपका दिसतो, शेवटच्या विष्ठेचा. तो ठिपका दिसला की निर्धास्तपणे कुमारी समजावी. हे रोज, शनिवार-रविवार धरून. चतुर्थीतही. अंड्यापासून माशी व्हायला दहा दिवस लागतात आणि त्या दहा दिवसांचं वेळापत्रक माशी ठरवते, तुम्ही नाही.

शिवाय गोव्याचा पावसाळा! मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगारचं खाद्य शिजवून नळ्यांत ओतायचं, बुरशी येऊ नये म्हणून त्यात प्रोपिऑनिक आम्ल घालायचं. जुलैत तरीही बुरशी येते. कापसाचे बोळे ओले होतात, वीज गेली की इनक्युबेटर बंद. प्रत्येक वंश दोन ठिकाणी ठेवायची शिस्त लागते ती इथेच.

पण हीच माशी अंड्यात असताना पाहिलीत तर थक्क व्हाल. पहिल्या दोनतीन तासांत पेशी अशा नसतातच. एकाच थैलीत केंद्रकं तेरा वेळा दुभंगतात, सहा हजारांच्या आसपास होतात, आणि मग सगळ्यांभोवती एकदम भिंती उभ्या राहतात. एका दिवसात अळी बाहेर. मी आजही विद्यार्थ्यांना दाखवताना स्वतः आधी पाहून घेते.

पैशाचं थोडक्यात. सीएसआयआर-नेट या परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे 42,000, आणि वर घरभाडं. पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असं धरून चालू नका. तीनचार महिन्यांची शिल्लक गाठीशी असावी. पीएचडीला पाच-सहा वर्षं, त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतलं पुढचं संशोधन, तीन ते पाच. म्हणजे स्वतःची प्रयोगशाळा पस्तिशीच्या आसपास, तीही मिळाली तर. सगळ्यांना मिळत नाही. माझ्या बरोबरच्यांपैकी कोणी औषध कंपनीत आहे, कोणी रुग्णालयात जनुकीय समुपदेशन करतं, कोणी पेटंटचं काम करतं, आणि यातलं कोणी उपाशी नाही. मुलीच्या बाबतीत आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. ज्या वर्षांत प्रयोग सर्वांत जास्त वेळ मागतात, नेमकी त्याच वर्षांत प्रत्येक लग्नकार्यात 'आता पुढे काय?' असं विचारलं जातं. तिथे तिच्या वतीने तुम्ही उत्तर दिलंत तर तिचं अर्धं ओझं कमी होईल.

गोव्यात राहून जमेल का? अर्धंमुर्धं. एमएस्सी गोवा विद्यापीठातून उत्तम होईल. झुआरीनगरला बिट्सच्या आवारात जीवशास्त्राचा विभाग आहे, तिथे पीएचडीही करता येते. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तर आहेच, पण तिचा प्रश्न समुद्राचा. भ्रूणात रस असेल तर तिथे कुढत बसू नये. माशी किंवा झेब्राफिश या छोट्या माशावरच्या विकासाचं काम मोठ्या प्रमाणावर करायचं तर मुंबई, पुणे, हैदराबाद किंवा बंगळूर गाठावं लागेल. पुण्यात आयसर आहे, आघारकर संस्था आहे. मराठी मुलुखात या विषयाची परंपराही जुनी: एडिंबराला विकासजीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आलेल्या लीला मुल्हेरकरांनी पुणे विद्यापीठात कोंबडीचा भ्रूण अंड्याबाहेर काचेत वाढवून त्यावर पिढ्या घडवल्या.

आणि जनुकशास्त्र आपल्या मातीला परकं मुळीच नाही. बिट्सचं आवार ज्या सांकवाळच्या परिसरात आहे ते धर्मानंद कोसंबींचं गाव. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी, इतिहासकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते मुळात गणिती. आणि 1940 च्या दशकात त्यांनी दिलेलं सूत्र जगभरचे जनुकशास्त्रज्ञ आजही वापरतात. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांत अदलाबदल किती वेळा होते त्यावरून त्यांच्यातलं अंतर काढायचं, असा तो प्रश्न. एका ठिकाणी अदलाबदल झाली की जवळपास दुसरी सहसा होत नाही. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन यांच्या जुन्या सूत्रात हे धरलं नव्हतं, कोसंबींनी धरलं. अदलाबदल 20 टक्के असेल तर हाल्डेनप्रमाणे अंतर येतं 25.5 सेंटिमॉर्गन (हे त्या अंतराचं एकक), कोसंबींप्रमाणे 21.2. मुलीला दोन्ही हाताने काढून पाहू दे. भाताच्या जातींचे नकाशे काढणारं सॉफ्टवेअर उघडलं तर त्यात 'कोसंबी' असा पर्याय दिसेल.

विकासजीवशास्त्राचे प्रश्न तर किनाऱ्यावर पडले आहेत. मोरजी आणि गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. त्यांचं नर-मादीपण गुणसूत्रांवर ठरत नाही, वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू तापली की माद्या जास्त. प्रश्न फार सुंदर, पण प्राणी संरक्षित, अंड्याला परवानगीशिवाय हातही लावता येत नाही. म्हणून उत्तर दुसरीकडून आलं: लाल कानांच्या गोड्या पाण्यातल्या कासवात 2018 मध्ये केडीएमसिक्सबी हे जनुक तापमान आणि नरपणा यांतला दुवा असल्याचं दिसलं. प्रश्न एका प्राण्यात सुचतो आणि उत्तरासाठी दुसरा प्राणी निवडावा लागतो. ही निवड करता येणं हेच या धंद्यातलं अर्धं कौशल्य.

यंदा काय करावं? तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे. अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात मागवतात. तिने माशी, झेब्राफिश किंवा हायड्रावर काम करणारी प्रयोगशाळा मागावी. दोन महिने तिथे राहिली की कुमारी माश्या वेचण्याचा कंटाळा येतो की नाही ते तिचं तिलाच कळेल, आणि कंटाळा आला तर पाच वर्षं वाचली. नाही आला तर एमएस्सीच्या प्रवेशाची आयआयटी जॅम, नेट आणि टीआयएफआर-एनसीबीएसची प्रवेशपरीक्षा, तिन्ही द्याव्यात. प्रवेश मिळाल्यावर संस्थेच्या नावावर भाळू नये, मार्गदर्शक पाहावा. आणि मार्गदर्शकाला भेटण्याआधी त्याच्या विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये गाठावं. पेपरावर पहिलं नाव कोणाचं लागतं, प्रयोग सहा महिने चालला नाही तर सर काय म्हणतात, आणि इथून पीएचडी करून गेलेले आज कुठे आहेत, एवढं विचारलं तरी पुरे. विद्यार्थी एकमेकांकडे बघायला लागले तर दुसरी प्रयोगशाळा शोधावी.